झ्यूस म्हणजे इंद्र नव्हे, आणि रोममधला मावश्यांचा सण

प्रश्न असा आला आहे: "झ्यूस वज्र फेकतो, इंद्रही फेकतो. क्रोनस स्वतःची मुलं गिळतो, कंस बहिणीची मारतो. अकिलीजची टाच आणि दुर्योधनाची मांडी. ओडिसियसचं धनुष्य आणि द्रौपदीचं स्वयंवर. इतकं साम्य योगायोगाने कसं असेल? मूळ गोष्टी कोणाच्या, आणि कोणी कोणाच्या उचलल्या?"

संस्कृत आणि तौलनिक पुराणकथा शिकवायला लागून मला पंचवीस वर्षं झाली. दर जूनमध्ये पहिल्या-दुसऱ्या तासालाच हा प्रश्न येतो. बरोबर बहुधा वहीत आखलेला तक्ताही असतो: डावीकडे आपले, उजवीकडे त्यांचे, मध्ये बरोबरचं चिन्ह. मी तो तक्ता मोडीत काढत नाही. एकेक चिन्ह खोडायला लावते, आणि जी दोन-चार उरतात त्यांच्यावर वर्ष काढते. इथेही तेच करते.

पहिली ओळ झ्यूस आणि इंद्राची. दोघांची कामं सारखीच आहेत. दोघेही देवांचे राजे, दोघांच्या हाती वीज, दोघांची बाहेरख्यालीपणाबद्दल ख्याती. पण नाव काय म्हणतं ते बघा. ग्रीक माणूस झ्यूसला हाक मारताना 'झ्यू पातेर' म्हणायचा. लॅटिनमध्ये तीच हाक 'युप्पितेर' झाली, तोच आपला ज्युपिटर. आणि ऋग्वेदात 'द्यौष्पितर्' आहे. हा तिन्हीकडे एकच शब्द आहे: उजळलेलं आकाश आणि बाप. संस्कृतातल्या 'द्य'च्या जागी ग्रीकमध्ये 'झ' आणि लॅटिनमध्ये 'य' येणं हे ध्वनींच्या नियमात बसतं. हा कानाला झालेला भास नाही. म्हणजे नात्याने झ्यूस हा इंद्राचा कोणी नव्हे, तो द्यौचा सख्खा भाऊ. गंमत अशी की ऋग्वेदात द्यौच्या वाट्याला एकट्याचं असं एकही सूक्त आलेलं नाही. तो येतो तो पृथिवीचा हात धरून, द्यावापृथिवी म्हणून. गादी इंद्राने घेतली आहे. नाव एकाकडे आणि नोकरी दुसऱ्याकडे, असा हा प्रकार. आणि ती नोकरी तर जगभर आहे: सीरियाच्या किनाऱ्यावर बाल, अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, हिटाइटांकडे तेशुब, उत्तरेकडे थॉर. जिथे ढग गडगडतात तिथे गडगडाटाचा देव असतोच. त्यासाठी कोणाला कोणाकडून उसनं घ्यावं लागत नाही.

मी मुलांना एवढंच सांगते, की जे साम्य पटकन डोळ्यात भरतं ते सहसा फार काही सिद्ध करत नाही. मोठ्या, स्वाभाविक गोष्टी सगळ्यांनाच सुचतात. पुरावा असतो तो नावात, किंवा कथेला गरज नसताना दोन्हीकडे उरलेल्या एखाद्या बिनकामाच्या, विचित्र तपशिलात.

नावांचं थोडं अजून. उषा, ग्रीक एओस आणि रोमन ऑरोरा हा एकच शब्द आहे. अश्विनीकुमार आणि कास्टर-पॉलिड्यूसीस या जुळ्यांची नावं जुळत नाहीत, पण बिरुदं जुळतात. ऋग्वेद अश्विनांना 'दिवो नपाता' म्हणतो, ग्रीक त्या जोडीला 'दिओस्कूरोई', म्हणजे झ्यूसची पोरं. दोन्ही जोड्या घोड्यांच्या, आणि दोन्ही जोड्या समुद्रात बुडणाऱ्याला वाचवतात. अश्विन तुग्राच्या भुज्यूला शंभर वल्ह्यांच्या नावेतून घरी आणतात. ग्रीक जुळे वादळात सापडलेल्या खलाशांच्या हाकेला धावतात. घोडेवाल्या देवांनी समुद्रात काय करावं? हाच तो बिनकामाचा तपशील. या ओळीचं चिन्ह मी खोडत नाही.

देवांच्या नावांपलीकडेही एक जोडी आहे. होमर या ग्रीक कवीच्या इलियडच्या नवव्या सर्गात वीर अकिलीज स्वतःच्या कीर्तीबद्दल बोलताना 'क्लेओस आफ्थितोन' म्हणतो, न झिजणारी कीर्ती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ऋषी इंद्राकडे 'श्रवः अक्षितम्' मागतो. क्लेओस आणि श्रवस्, आफ्थितोन आणि अक्षितम्: शब्दाला शब्द जुळतो. देव जुळण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण इथे कवींची परंपरागत शब्दजोड सापडली आहे. गोष्ट कोणीही रचू शकतो, अशी जोड दोन ठिकाणी वेगवेगळी सुचणं अवघड.

उलट वरुण आणि युरेनस, गंधर्व आणि केंटॉर, प्रमंथ आणि प्रोमिथियस या जोड्या सोडून द्या. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पंडितांना त्या फार आवडायच्या. १८५९ मध्ये आडालबर्ट कूनने अग्निमंथनातल्या प्रमंथ या काठीवरून देवांचा अग्नी चोरणारा प्रोमिथियस काढून दाखवला होता. कानाला गोड लागतात, ध्वनिनियमांत नापास होतात. तरी मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांत त्या अजून जिवंत आहेत.

आता क्रोनस आणि कंस. इथे दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधली गेली आहे. कंसाचे नातलग ग्रीसमध्ये जरूर आहेत, पण क्रोनस त्यांतला नाही. नातवाच्या हातून मरण येईल म्हणून मुलगी दनाई आणि तिचं तान्हं बाळ पर्सियस यांना पेटीत घालून समुद्रात सोडणारा आक्रिसियस, हा कंसाचा नातलग. पुतणीची जुळी तिबर नदीत सोडायला लावणारा रोमचा आमुलियस, हा दुसरा. पेटी म्हटलं की कर्ण आठवतो, टोपली म्हटलं की मोझेस. जिथे राजा आहे तिथे वारसाची भीती आहे, आणि जिथे नदी आहे तिथे पेटी वाहत जाणार. या सगळ्या गोष्टी एकमेकींसारख्या आहेत म्हणून एकमेकींच्या लेकी ठरत नाहीत.

क्रोनसची गोष्ट वेगळीच आहे, आणि तिचे पाहुणे शेजारचे आहेत. हा झ्यूसचा बाप. तो विळ्याने स्वतःच्या बापाचं, आकाशदेव युरेनसचं, लिंग कापतो. मग स्वतःची मुलं गिळतो. शेवटच्या खेपेला बायको बाळ झ्यूसऐवजी दुपट्यात गुंडाळलेला दगड पुढे करते, तोही गिळतो. हे हेसिअड या ग्रीक कवीने इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास सांगितलं. आजच्या तुर्कस्तानातल्या बोआझकोय इथे, हिटाइटांच्या जुन्या राजधानीत, सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर त्याच्याही कित्येक शतकं आधीची गोष्ट आहे: कुमार्बी हा देव आकाशदेव अनूचं लिंग चावून तोडतो, गिळतो, आणि त्याच्याच पोटात वादळाचा देव वाढतो. आकाश, मग मधला, मग वादळवाला, हा क्रम तोच. तोडणं तेच, गिळणं तेच. इथे मी 'उचललं' हा शब्द बिनधास्त वापरते. ग्रीकांनी ही गोष्ट पूर्वेकडून घेतली, पण ते पूर्व म्हणजे अनातोलिया, भारत नव्हे. प्रलयाची गोष्टही अशीच. पेटीत बसून तरलेला ग्रीकांचा ड्यूकॅलियन हा मेसोपोटेमियाच्या प्रलयकथेतल्या नावाड्याचा ऋणी दिसतो. आपला मनूही त्याच घरचा ऋणी असावा, असं माझं मत आहे.

तो दगड मात्र सोडवत नाही. क्रोनसने ओकून टाकलेला तो दगड झ्यूसने डेल्फीला ठेवला, असं हेसिअड सांगतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी डेल्फीला गेला, तेव्हा तिथे तो त्याला दाखवण्यात आला. फार मोठा नव्हता. रोज त्याच्यावर ऑलिव्हचं तेल ओतत आणि सणासुदीला न कातलेली लोकर ठेवत. गावच्या शिवेवर तेलशेंदराचा दगड पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण इथेही बरोबरचं चिन्ह नको. दगडाला तेल घालावं हे माणसाला कुठेही सुचू शकतं.

टाच आणि मांडी. तक्त्यातली ही सगळ्यांची लाडकी ओळ, आणि सगळ्यांत पोकळही. होमरला अकिलीजच्या टाचेची गोष्ट माहीतच नाही. आईने टाचेला धरून त्याला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं, हे आपल्याला पहिल्यांदा सापडतं ते इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे. आणि गांधारीने डोळ्यांची पट्टी सोडून दुर्योधनाचं अंग वज्राचं केलं, मांडीवर मात्र लंगोट राहिला, ही गोष्ट महाभारतात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती उघडून पाहावी. तिथे मांडी मोडते ती भीमाच्या सभेतल्या प्रतिज्ञेमुळे आणि मैत्रेयाच्या शापामुळे. गांधारीची पट्टीआडून गेलेली नजर स्त्रीपर्वात येते खरी, पण ती युधिष्ठिराच्या नखांवर पडते आणि नखं विद्रूप होतात. म्हणजे ती नजर जाळणारी आहे, घडवणारी नव्हे. दोन्ही बाजूंच्या उशिराच्या गोष्टी घ्यायच्या आणि पाच हजार वर्षांचं नातं सिद्ध करायचं, असा हा हिशेब.

टाचेलाच जोडी हवी असेल तर ती महाभारतातच, अनुशासनपर्वात आहे. दुर्वास कृष्णाला उष्टी खीर अंगाला फासायला लावतो. कृष्ण सगळीकडे फासतो, फक्त तळपाय राहतात. "तळव्यांना का नाही लावलीस?" असं ऋषी नाराजीने विचारतो. पुढे जरा नावाच्या पारध्याचा बाण तिथेच लागतो. जर्मन वीर झीगफ्रीडच्या पाठीवर लिंडनचं पान चिकटल्याने तेवढी जागा राहिली होती, इराणच्या इस्फंदियारचे डोळे तेवढे राहिले होते. अभेद्य वीर म्हटला की त्याला एक भोक ठेवावंच लागतं, नाहीतर गोष्ट संपणार कशी? ही कथाकाराची अडचण आहे, वंशावळ नाही.

पण अकिलीजचं आणि आपलं नातं खरोखर शोधायचं असेल तर टाच सोडा आणि त्याच्या आईकडे बघा. थेटिस ही समुद्रकन्या. तिचा मुलगा बापापेक्षा थोर होणार असं भाकीत होतं, म्हणून तिच्यावर मन गेलेला झ्यूसही मागे सरला आणि तिला पेलियस नावाच्या माणसाला देऊन टाकलं. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला कवी अपोलोनियस आपल्या काव्यात सांगतो, की ती रोज रात्री बाळाचं मर्त्य मांस आगीत जाळायची आणि दिवसा अंगाला अमृत चोळायची. एका रात्री पेलियसने आगीत तडफडणारं पोर पाहिलं आणि तो किंचाळला. तिने बाळ जमिनीवर टाकलं, समुद्रात उडी घेतली, आणि पुन्हा त्या घरात आली नाही. याच काव्यावरच्या एका जुन्या टीपेत, आता हरवलेल्या दुसऱ्या काव्याचा हवाला आहे. त्यात थेटिस आपली मुलं मर्त्य आहेत का हे पाहायला पाण्याच्या काहिलीत टाकते, बरीच मरतात, आणि अकिलीजच्या वेळी पेलियस आडवा येतो.

आता आदिपर्व. गंगा शंतनूशी लग्न करते, अट घालते, सात मुलं पाण्यात सोडते. आठव्याला बाप आडवा येतो. ती निघून जाते. मागे उरतो भीष्म.

नुसतं 'जलदेवी आणि मर्त्य नवरा' एवढंच असतं तर मी चिन्ह खोडलं असतं. अट मोडताच निघून जाणारी दिव्य बायको सगळीकडे आहे, आपली उर्वशीही त्यातलीच. पण इथे आतलं यंत्र जुळतं. दोन्हीकडे आईचं कृत्य खुनासारखं दिसतं, आणि दोन्हीकडे त्याचा रोख मर्त्यपण काढून टाकण्याकडे आहे. थेटिस मुलाला अमर करू पाहते, गंगा वसूंना शापातून सोडवून परत स्वर्गात धाडते. आणि दोन्हीकडे बाप मायेपोटी मध्ये पडतो. त्याच मायेने तो मुलगा माणूस होऊन अडकतो, मरणाशी बांधला जातो. मग त्या मुलाला मरणाबद्दल निवड मिळते: भीष्माला इच्छामरण, अकिलीजला दोन वाटा, लवकर मरण आणि कीर्ती किंवा घर आणि म्हातारपण. शिवाय एक गोष्ट आहे जी मी वर्गात मुद्दाम शेवटी सांगते. भीष्म म्हणून जन्मलेल्या, वसिष्ठाची गाय चोरणाऱ्या त्या वसूचं आदिपर्वातलं नाव आहे द्यौ. तोच, गादी गेलेला. तिकडे अकिलीज हा झ्यूसचा होता होता राहिलेला मुलगा. मुलं हे ऐकून टेबलावर हात आपटतात. मी म्हणते, सावकाश. नावावरून उडी मारायची नाही असं आपणच मघाशी ठरवलं. पण या ओळीपुढचं चिन्ह मी पेन्सिलीने ठेवते.

पाताळाच्या गोष्टी थोडक्यात. ग्रीक गवई ऑर्फियसची बायको युरिडिसी साप चावून मरते, तो तिला आणायला जातो आणि मागे वळून पाहिल्याने गमावतो. आदिपर्वात रुरूची प्रमद्वराही लग्नाच्या तोंडावर साप चावूनच मरते. तो आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत मिळवतो, आणि ती परत येते. सापामुळे मोहात पडू नका. उन्हाळ्याच्या देशांत तरुण मुलगी अचानक मरायची तर कथाकाराला साप सर्वांत जवळचा. ग्रीक पर्सेफनी पाताळात डाळिंबाचे दाणे खाते म्हणून तिथली होते. जपानच्या ७१२ सालच्या कोजिकी या ग्रंथात इझानामी या देवीनेही मृतांच्या घरचं अन्न खाल्लेलं असतं, म्हणून तिला सुटका नाही. ज्या घरचं खाल्लं त्या घरची झालीस, हे सासरी गेलेल्या कोणत्याही मुलीला ठाऊक आहे.

रोमनांना या तक्त्यात नेहमी ग्रीकांच्या मागे कंसात टाकतात, ते मला खटकतं. ज्युपिटर म्हणजे झ्यूस, व्हीनस म्हणजे ॲफ्रोडाइटी, संपलं. वास्तविक रोमनांनी ग्रीक गोष्टी घेतल्या त्या स्वतःच्या गोष्टी विस्मरणात गेल्यावर. विधी मात्र त्यांनी सोडले नाहीत. दर वर्षी ११ जूनला रोमच्या लग्न झालेल्या बायका मातेर मातुता नावाच्या देवीच्या देवळात जमत. तिचं देऊळ तिबरकाठच्या गुरांच्या बाजारात होतं. एका दासीला आत नेत आणि मारून बाहेर हाकलत. मग बायका मुलांना कडेवर घेऊन त्यांच्यासाठी मागणं मागत. मुलं स्वतःची नव्हेत, बहिणीची. असं का, हे रोमनांनाही सांगता येईना. ग्रीक लेखक प्लुटार्कने तर तो प्रश्नच लिहून ठेवला आहे. त्याचं उत्तर ग्रीक कथेतलं: देवी म्हणजे इनो, आणि तिने मेलेल्या बहिणीचं, सेमिलीचं, पोर डायोनायसस पाजून वाढवलं.

झॉर्ज द्युमेझिल या फ्रेंच अभ्यासकाने इथे ऋग्वेद उघडला. मातुता ही पहाटेची देवी. दासीला हाकलणं म्हणजे अंधाराला हाकलणं. आणि बहिणीचं मूल? ऋग्वेदात रात्र आणि उषा या बहिणी आहेत, आणि पहिल्या मंडलात ओळ आहे: 'नक्तोषासा वर्णमामेम्याने धापयेते शिशुमेकं समीची'. रात्र आणि उषा, एकमेकींचा रंग पालटत, एकत्र येऊन एकाच बाळाला पाजतात. रात्रीने जन्म दिलेलं बाळ उषा वाढवते. गोष्ट वेदात राहिली, कृती रोममध्ये राहिली, आणि दोन तुकडे जोडले की बसतात. हा अर्थ सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, हेही सांगायला हवं. मला पटतो, आणि त्याचं एक कारण अगदी शास्त्रीय नाही: 'माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेत वाढल्यावर हा सण परका वाटत नाही.

राहिलं प्रत्यक्ष देवाणघेवाणीचं. ती झाली, पण समजतो तशी नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. उलट दिशेने, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्यासारखी मूर्ती आपल्या जालन्याजवळच्या भोकरदनलाही निघाली आहे. कार्ल्याच्या लेण्यात तर खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं कोरलेली आहेत. इतकी ये-जा होती, तरी पोसायडनची एक गोष्ट दख्खनच्या ओठांवर आली नाही. मूर्ती व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून येते. देवाच्या गोष्टीला बरोबर भक्त लागतो. त्या मानाने सिंहाचं कातडं पांघरलेल्या गाढवासारख्या बोधकथा सुखाने प्रवास करतात. ते गाढव जातकातही आहे आणि इसापाकडेही.

ग्रीक लोक मात्र भारतात आले की तुमच्यासारखाच तक्ता आखायचे. चंद्रगुप्ताच्या दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थेनीसने मथुरेच्या शूरसेनांचा देव पाहिला आणि लिहून टाकलं, हेरॅक्लीस. तो बहुधा कृष्ण. पुढे पहिल्या शतकात डिओ क्रिसोस्टम या ग्रीक वक्त्याने तर सांगून टाकलं, की भारतीयांनी होमर आपल्या भाषेत उतरवला आहे. त्याच्या कानावर महाभारताची काही कुणकुण आली असावी आणि त्याने आपल्या माहितीतलं नाव देऊन ती नोंदवली असावी. 'कोणी कोणाचं उचललं' हा प्रश्न तेव्हाही होता, फक्त उत्तर उलटं होतं.

शेवटची ओळ, धनुष्य. पांचाल नगरीत अर्जुन ब्राह्मणाच्या वेशात, इथाकात ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात. दोन्हीकडे जमलेल्या राजांना आणि मागणी घालणाऱ्यांना प्रत्यंचा चढवता येत नाही. ओडिसियसपुढे त्याच्या बायकोला मागणी घालणारे एकशे आठ उमेदवार आहेत. फरकही मोठा आहे: अर्जुन नवी बायको मिळवतो, ओडिसियस वीस वर्षांनी स्वतःचीच परत. या ओळीचं चिन्ह मी दोनदा खोडलं आहे आणि दोनदा परत काढलं आहे. खोडून झालं की ओडिसीचा एकविसावा सर्ग पुन्हा वाचायला घेते. म्हातारा भिकारी बसल्या जागी, गवयाने वाद्याला तार लावावी तशी दोरी चढवतो, उजव्या हाताने छेडून बघतो, आणि ती पाकोळीसारखी गाते.